मूळव्याध आणि ७३९३९१३३

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दारांच्या, गाड्यांच्या. अक्षरं पोटासाठी, आकडे मात्र जिवासाठी. कुठलाही आकडा हाती आला की त्याला भाग जातो का, हे बघितल्याशिवाय माझा ब्रश हलत नाही. एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या. अशी सापडली की मी गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून त्यालाच ती समजावत बसतो. या व्याधीपायी शेजारच्या टायरवाल्याने माझं नाव ‘मूळव्याध’ ठेवलं. आता सगळी गल्ली तेच म्हणते आणि मी निमूट ओ देतो.

आमच्या एकुलत्या एक मुलीने ऑफिसातल्या मुलाशी लग्न ठरवलं. त्याचे वडील डॉक्टर. ते आम्हाला भेटायला येणार होते.

“बाबा, पाया पडते, आकड्यांचं नाव काढू नका,” मुलगी म्हणाली. “जुळतंय ते मोडेल.”

बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं. तेवढं पुरतं. मी तोंडाला कुलूप लावलं.

डॉक्टर आले ते नेमके टायरवाल्याला पत्ता विचारून. चहा झाल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळूच म्हणाले, “मला खाली कळलं. संकोच करू नका. कधीपासून आहे हे?”

खुद्द व्याह्यांनीच विषय काढलेला! कुलूप गळून पडलं.

“शाळेपासून.”

“फार त्रास होतो?”

“मला कसला? घरच्यांना होतो. मी आपला रोज सकाळी तासभर निवांत बसतो.”

“तासभर!” डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. “कधी कापावं लागलं?”

“तीच तर गंमत आहे! उजवीकडून कापत जायचं. कितीही कापा, मूळ ते मूळच राहतं!”

मुलीने कपाळावर हात मारला. “काका, मूळव्याध नाही हो, मूळ संख्या!”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. डॉक्टर मात्र इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “आता दाखवाच,” ते म्हणाले.

मीच उठणार होतो, पण मुलीने माझा खडू आणून फरशीवर लिहिलं: ७३९३९१३३. “ही बाबांची लाडकी. शेवटचा आकडा पुसला तरी उरलेली संख्या मूळच असते. पुन्हा पुसा, पुन्हा तेच.” ती हे कधी ऐकत होती, देव जाणे. एकेक आकडा पुसत ती सातावर आली.

“आणि हा पुसला तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“मग काही राहत नाही,” मी ठणकावून सांगितलं, आणि मुलीकडे बघतच राहिलो. जुळतंय ते मोडू नये, एवढाच घोर मी घेतला होता. जुळलं म्हणजे पोर जाणार, हे या दीडशहाण्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

बायकोला बरोबर कळलं. जन्मात कधी आकड्यांकडे न बघणारी ती बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “अहो, तिनातून एक गेला तरी दोन राहतात ना? आणि दोनही मूळच असते, तुम्हीच सांगता.”

गणित चोख होतं. तरी मी व्याह्यांसमोर ढसाढसा रडलो.