टँकरचं पाणी चालणार नाही

"टाकी रिकामी करा," पेणकर सर म्हणाले.

टाकी काठोकाठ भरली होती. पाणी नितळ होतं. आमचा साइट सुपरवायझर शिंदे शेजारी कौतुकाची वाट बघत उभा होता. तळाला पाला दिसला म्हणून त्याने आधीचं पाणी काढून टाकलं, टाकी घासली आणि टँकरने भरली होती.

मी प्लंबिंग कन्सल्टंट आहे. इमारतीत पाणी कुठून येईल आणि कुठून जाईल, हे ठरवणं माझं काम. पेणकर सर बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू. कर्वेनगरच्या बंगल्यात त्यांना मिक्वे, म्हणजे धार्मिक स्नानाचं कुंड हवं होतं; तीच ही टाकी. लग्नाआधी नात त्यात डुबकी घेणार होती. अट अशी, की पाणी माणसाने भरलेलं नको, आपणहून आलेलं हवं. म्हणून मी गच्चीवरचं पावसाचं पाणी नुसत्या उताराने कुंडात आणलं होतं. सरांनी मला समजावलं होतं, की त्यांच्या ग्रंथात जग घडायच्या आधीही पाणी होतंच. त्यात बुडून वर येणं म्हणजे नव्याने जन्मणं. ख्रिश्चनांचा बाप्तिस्माही याच डुबकीतून आला.

शिंदेला मी अट बजावली होती. त्यातलं 'पंप नको' एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

"म्याडम, पंप नाय लावला. टँकर चढावर हुबा केला हाय," तो म्हणाला.

पावसाळा संपला होता. लग्न तोंडावर आलं होतं. सरांनी मुंबईच्या रब्बींना, त्यांच्या धर्मगुरूंना, फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं.

"बर्फ चालेल," फोन ठेवून ते मला म्हणाले.

"सर, बर्फही नळाच्याच पाण्याचा असतो."

"असेल. पण बर्फ ओततात का? ओतलेलं पाणी नको, एवढंच शास्त्र."

"आणि टेम्पोतच वितळला तर?"

"तर टेम्पो तुमच्या घरी न्या."

भर दुपारी बर्फाच्या लाद्या आल्या. शिंदे आता इतका धास्तावला होता, की प्रत्येक लादी टॉवेलने पुसून कुंडात सोडत होता. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, मासळी ठेवणार का?

"नात ठेवणार आहोत," सर म्हणाले.

सगळा बर्फ वितळल्यावर सरांनी मला गीझरचं पाणी सोडायला सांगितलं. मी बघतच राहिले. चोख पाणी पुरेसं साठलं, की नळाचंही त्यात मिसळून चोख होतं म्हणे. मी गीझरचा नळ सोडला.

नातीने डुबकी घेतली. लग्न थाटात झालं.

हल्ली नवीन क्लायंटला पाणी किती लागेल, हे मी नंतर विचारते. कोणतं चालेल, हे आधी.