पायातल्या वहाणा

सन १९६८, मी सव्वीस वर्षांचा. टीव्हीवर खुनाचा तपास लागला की तेच साल डोळ्यापुढं येतं. भाताच्या खाचरात गावचे मास्तर पालथे, मेलेले सापडले. गावचा पुढारी रेशनचा तांदूळ बाहेर विकतो, असा अर्ज त्यांनीच केला होता. हवालदार म्हणाला, "पाय घसरून पडले. पंच म्हणून सही कर." मी म्हणालो, "पायात वहाणा हायेत. मावळचा माणूस वहाणा घालून खाचरात उतरतो व्हय? त्यांना हितं आणून टाकलंय." बांधाजवळ उभ्या जीपमधून पुढारी हसला, "भाऊ, शेजारचं खाचर तुजंच न्हवं? मग खुनाचा आळ कुणावर यील?" माझी शाळा दुसरीपर्यंत, पण खोट्याखाली सही मी केली न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोपोराला माहेरी धाडलं आणि खरं काय ते सांगायला एकटाच पायी तालुक्याच्या साहेबाकडं निघालो.