दातातली वस्ती

सिंदीच्या दवाखान्यात उपटलेल्या दातांचा डबा आठवड्याला भरायचा आणि मी तो रिकामा करायचे. किस्से कुठे रिकामे करायचे? आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हापासून मी तिथं हत्यारं उकळते. शिक्षण चौथी. पण दाताची सूज गळ्यात उतरली की लेकरू जातं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. उशिरा आणणाऱ्यांशी मी गोड बोलत नाही!

*

डॉक्टर नागपूरहून रेल्वेनं यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या दाढेवरचा पांढरा थर खरवडला, काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली दाखवला. नुसती वळवळ!

"मी तं रोज राखुंडीनं घासते, साहेब!"

"पुढचे घासता, बाई. दाढा यांना राहायला दिल्यात."

*

जाम गावच्या एका भाजीवाल्यालाही त्यांनी तेच दाखवलं. "एकटा जंतू फार काही करत नाही. नाना जातींचे मिळून दातावर वस्ती करतात. आपण गूळ खातो, ते त्याचं आम्ल करतात, आणि आम्लानं दात विरघळतो."

तो बराच वेळ डोळा लावून बसला. "याईतला पाटील कोणता जी?"

"पाटील नाही. सगळे मिळून खातात."

"मंग आमच्या गावापेक्षा बरं हाय!"

*

एक बाई दीड वर्षाच्या पोराला गुळाची पुरचुंडी चोखायला देऊन बसली होती. त्याचे वरचे चारही दात काळे. मी पुरचुंडी हिसकून फेकली. "गूळ पोराले देऊन राह्यली का जंतूले?"

ती उसळली. "तुमाले लेकरू नसन, म्हणून असं बोलता!"

मी हत्यारं उकळायला आत गेले.

*

होतं. कौशी, सहा वर्षांची. डॉक्टर तेव्हा येत नव्हते. दाढ ठणकली म्हणून मी तिला दातातले किडे काढणाऱ्या गयाबाईकडे नेलं. गयाबाईनं निखाऱ्यावर काटेरी रिंगणीच्या झुडपाचं बी टाकलं, नळीनं तोंडात धुरी दिली, आणि वाटीतल्या पाण्यात तीन पांढरे किडे पडले. "पाह्य बाई, निंगाले सारे!" मी तिला चोळीचा खण दिला.

आठव्या दिवशी कौशी गेली. एखादा किडा आत राहिला असेल, असं मी कितीतरी वर्षं म्हणत होते.

*

मागल्या पोळ्याच्या आधी गयाबाई दवाखान्यात आली. कडेवर नात. गाल सुजून डोळा मिटलेला, अंगात फणफणता ताप. डॉक्टरांनी दाढ उपटली, पू काढला, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. "आणखी दोन दिवस थांबला असता, तर पोरगी हाती लागली नसती."

मी विचारलं, "हिले धुरी देल्ली होती का?"

गयाबाईनं मान खाली घातली. "नाई."

"काऊन?"

ती पुटपुटली, "ते किडे तं मीच नळीत भरत होती." डॉक्टरांनी उपटलेल्या दाढेवरचा थर काचेवर घेतला आणि तिला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. तिनं वाकून पाहिलं. मग माझ्याकडं वळून ती म्हणाली, "अवं माय! हे तं खरंच असतेत!"