धाकटीचं आजोळ

एका जर्मन सरदाराच्या दोन बायका मी एक करून टाकल्या. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहितात आणि माहेरची कुसुम शालिनी होऊन घरात येते. त्यामुळे त्या सरदाराच्या घरात आधी आडेलहाइड आणि मग मार्गारेटे दिसली, तेव्हा बाई एकच असणार असं मी धरून चाललो. कॉम्प्युटरवरच्या वंशवृक्षात दोन चौकटींची एक केली.

वंशवृक्षाचं वेड जर्मनकाकूंचं. पुण्यात जन्मभर जर्मन शिकवून काकू इकडे परदेशात, तोआ पायोहला, लेकीकडे राहायला आल्या होत्या. तरुणपणी जर्मनीतल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये त्यांनी एका चिमुरडीच्या थडग्याचा दगड पाहिला होता. मध्ययुगातल्या सरदाराची लेक. दगडावर बापाचं नाव होतं, आईचं नव्हतं. ते काकूंच्या मनातून कधी गेलं नाही. तिला त्या ‘आमची धाकटी’ म्हणत. दर शनिवारी मी जवळच्या बिशानमधल्या घरून वंशवृक्ष जुळवायला त्यांच्याकडे जायचो आणि तिथल्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांपाशी कोपीचा, म्हणजे कॉफीचा, कप खाली ठेवत त्या मोठ्यांदा विचारायच्या, “धाकटीचं काही कळलं का रे?” शेजारच्या टेबलावरच्या एका मराठी बाईंनी तर माझी मुलगीच हरवली असं समजून मला एकदा धीर दिला.

नुसतं ‘आंट’ म्हटलेलं काकूंना खपत नसे. “आत्या की मावशी ते सांग. त्याशिवाय मी कुणाच्या घरात पाय ठेवत नाही.” जुन्या जर्मनमध्ये या दोघींना वेगळे शब्द होते, याचा त्यांना घरच्यासारखा अभिमान. बापाकडचं गणगोत सगळं सापडलं होतं. “बापाचं घर काय, दगडावरही कोरतात,” त्या म्हणायच्या. “पोरीचे लाड होतात ते आजोळी.” डोळे आहेत तोवर ते आजोळ सापडावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि डोळे झपाट्यानं चालले होते.

मी मोठ्या ऐटीत मार्गारेटेचं माहेर शोधून दिलं. काकू तिथल्या मामांमध्ये कित्येक शनिवार रमल्या. मग एकदा भिंगातून वाचता वाचता थांबल्या. “अरे इंजिनियर, हिचं लग्न धाकटी गेल्यानंतरचं आहे.”

मी माझं शालिनीचं तर्कशास्त्र सांगितलं.

“आपल्याकडे बायकोचं नाव बदलतात,” काकू म्हणाल्या. “तिकडे बायकोच बदलली.” हसल्याही. पण भिंग पिशवीत ठेवताना पुटपुटल्या, “म्हणजे इतके दिवस पोरीला मी सावत्र आजोळी ठेवलं.”

थोड्याच दिवसांत लेकीची बदली झाली आणि काकू पुण्याला परतल्या. शनिवारी मी त्या हॉकर सेंटरला जात राहिलो. चुकून दोन कोपी मागवायचो आणि दोन्ही पीत बसायचो. फोन मात्र केला नाही. आजोळ सापडल्याशिवाय कोणत्या तोंडानं करणार? तांजोंग पगारच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आडेलहाइडच्या मागे लागलो. तिनं वर्ष घेतलं.

शेवटी सापडली. नदीकाठचं गाव, दोन भाऊ, एक बिनलग्नाची बहीण. फोन लावला. काकूंना आता पडद्यावरचं दिसत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं. बहिणीपाशी त्यांनी मला थांबवलं.

“म्हणजे धाकटीची मावशी. नाव पुन्हा वाच.”

वाचलं. त्यांनी ते नाव एकदा स्वतः म्हणून पाहिलं.

“चला,” त्या म्हणाल्या, “निजवायला कुणीतरी होतं.”

मी म्हणालो, “काकू, शनिवारी तुमच्याशिवाय करमत नाही हो.”

“वर्षभर त्या मेलेल्या बाईच्या मागे होतास,” काकू म्हणाल्या. “जिवंत बाईला फोन करावा, हे नाही सुचलं? गाढव आहेस.”