एक पान लिहून दाखवा

“एक पान लिहून दाखवा. आत्ता. इथेच.”

असं म्हणून अध्यक्षांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर पेन ठेवलं. टोपण काढून. जसं काही टोपण काढणंही मला जमणार नव्हतं.

दादरला एका शाळेच्या वरच्या मजल्यावर आमच्या विज्ञानकथा मंडळाची खोली आहे. टेबलाच्या पलीकडे तिघं बसले होते. अध्यक्ष, निवृत्त शास्त्रज्ञ. कार्यवाह बाई, कॉलेजात मराठी शिकवतात. आणि खजिनदार, जे स्वतः काही बोलत नाहीत, शेवटी जो बोलला त्याच्या बाजूने मान हलवतात. अलीकडे मी एकटी.

माझ्या कथेला सभासदांनी सगळ्यात जास्त मतं दिली होती. वर्षाचा पुरस्कार माझा झाला होता. पण तो देण्याआधी त्यांना खात्री करून घ्यायची होती की कथा मीच लिहिली आहे.

मी जुन्या इमारतींचं लाकूड विकते. चाळ पाडायला काढली की दारं, चौकटी, तुळया, जिन्याचे कठडे, सगळं उचलते. माझं गोदाम भोईवाड्यात आहे. बापाची गिरणी बंद पडली तेव्हा तो लाकडाच्या वखारीत हातगाडी ओढायला लागला आणि मी त्याच वखारीत फळ्यांतले खिळे उपसायला. तिथून इथवर मी कोणाच्या शिफारशीवर आलेले नाही. तोंडाच्या जोरावर आले. भाव करून आले. ज्या दाराला चाळीत कोणी रंग लावत नव्हतं तेच दार आज लोअर परळचे हॉटेलवाले भिंतीला टांगतात आणि खाली बसून गिऱ्हाइकं कॉफी पितात. त्यांना मी दार विकते. हसू आलं तरी दाखवत नाही.

रिकाम्या खोल्यांत माणसं पुस्तकं टाकून जातात. देव नेतात, मिक्सर नेतात, पुस्तकं तिथेच. त्यातून मी वाचायला लागले. परग्रह, उडत्या तबकड्या, काळाच्या मागे जाणारी माणसं. पानं वाळवीने खाल्लेली असायची. शेवट नसला की शेवट मी मनात रचायची. तसं करता करता लिहायला लागले.

मंडळात मला फ्रान्सिसने नेलं. हा भायखळ्याचा, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो, माझ्याकडे कठडे घ्यायला यायचा. म्हणाला, “तू ये तर खरी. सगळी येडी लोकं आहेत, तुझ्यासारखी.” गेले. येडी नव्हती. फार शहाणी होती. खरं अवकाशयान असं वळेल का, या विषयावर संध्याकाळ घालवायची. कुठल्या ग्रहावरच्या प्राण्यांना मतदानाचा हक्क असावा यावर दोन गट पडायचे आणि महिनाभर एकमेकांना नमस्कार करायचे नाहीत. मी मागच्या रांगेत बसायची. चहा आला की कार्यवाह बाई मला म्हणायच्या, “ताई, जरा कप पुढे द्याल?” मी द्यायची. दर वेळी. दुसऱ्या कोणाला त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

या मंडळाची एक पद्धत आहे. तिचा त्यांना फार अभिमान. स्पर्धेच्या कथा सगळ्या सभासदांना नाव झाकून वाचायला देतात. नावं कार्यवाहांकडे बंद पाकिटात. मतदानाआधी चर्चेची बैठक होते. लेखक समोरच बसलेला असतो पण त्याने तोंड उघडायचं नाही. “आपल्याकडे माणूस जिंकत नाही, कथा जिंकते,” हे अध्यक्ष प्रत्येक भाषणात सांगतात.

माझी कथा एका दाराची होती. पाडलेल्या चाळीचं दार एका टॉवरमध्ये अगदी वरच्या मजल्यावर शोभेला बसवतात. एके दिवशी ते उघडतं, तर पलीकडे चाळीची गॅलरी. तशीच्या तशी, माणसांसकट. टॉवरमध्ये चोवीस तास पाणी आहे हे गॅलरीतल्या बायकांना कळतं आणि त्या बादल्या घेऊन आत यायला लागतात. मालक दार बंद करायला जातो तर बंद होत नाही. काळ असा दुमडला का, कसा दुमडला, हेही मी माझ्या परीने मांडलं होतं.

चर्चेच्या दिवशी अध्यक्ष या कथेवर बराच वेळ बोलले. म्हणाले, “काळाची घडी इतक्या साध्या शब्दांत! लेखक भौतिकशास्त्राचाच माणूस आहे, मी पैज लावतो.” आणि हसत हसत गिरगावच्या एका प्राध्यापकांकडे पाहिलं. प्राध्यापक मोठ्या घराण्याचे, तीन पिढ्या वकील आणि डॉक्टर. ते नुसते हसले. नाही म्हणाले नाहीत. लोक वळून त्यांच्याकडे बघायला लागले तसे आणखी हसले. आमच्या धंद्यात उचले पुष्कळ आहेत. पण आपण बसल्या जागी, हात न हलवता, दुसऱ्याचा माल घरी नेणारा मी पहिल्यांदा पाहिला.

मी मागच्या रांगेत गप्प. आतून फुगलेली. मतं पडली. पाकीट फोडलं. आणि मला बोलावणं आलं.

“ताई, गैरसमज करून घेऊ नका,” अध्यक्षांनी सुरुवात केली. ‘गैरसमज करून घेऊ नका’ म्हणत येणारा माणूस भाव पाडायला आलेला असतो, एवढं मला कळतं. “हल्ली हे एआय काय हवं ते लिहून देतं. मंडळाला काळजी घ्यावी लागते.”

“बाकीच्यांची घेतली?”

कार्यवाह बाई पुढे झुकल्या. “कथेतली भाषा फार स्वच्छ आहे हो. तुम्ही बोलता ते वेगळंच.”

“तुम्ही वर्गात बोलता तशाच घरी बोलत असाल, तर तुमच्या मिस्टरांची कमाल आहे.”

खजिनदार हसणार होते. अध्यक्षांकडे बघून आवरलं. मग तो कागद आला. ते पेन.

आणि मी पेन उचललं. “बरं, सर,” म्हणाले आणि लिहायला लागले. मी! जी कंत्राटदाराला उन्हात उभं करते, ती मान खाली घालून, शाळेतल्या पोरीसारखी. तिघं माझ्या हाताकडे बघत होते. मी चार ओळी लिहिल्या. बऱ्या उतरल्या होत्या. आणि तेवढ्यात मला आठवलं.

पाचवीत होते. निबंध चांगला लिहिला होता. बाई म्हणाल्या, कोणाचा उतरवलास? मी म्हणाले, माझाच आहे. त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं, वर्गासमोर, नवा विषय दिला. मी लिहिला. तोही चांगला झाला. बाईंनी वाचला, वही बंद केली आणि म्हणाल्या, “पाठ करून आली असशील.”

तेव्हा मी घरी येऊन रडले होते. आता दादरच्या त्या खोलीत मला अंगभर शिसारी आली. वाईट लिहिलं तर म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? चांगलं लिहिलं तर म्हणणार, पाठ असेल. या परीक्षेत पास व्हायची सोयच नव्हती. आणि ती द्यायला मी बसले होते. स्वतःच्या हाताने.

मी कागद घेतला. फाडला. पेनाला टोपण लावून त्यांच्यापुढे ठेवलं.

“गेल्या वर्षी कोणाला दिलात पुरस्कार?”

सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांच्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलाला.

“त्याच्याकडून लिहून घेतलंत?”

“त्याला आम्ही ओळखतो.”

“माझ्या हातचा चहा पिता वर्षानुवर्षं. मला नाही ओळखत?”

“तसं नव्हे, ताई. त्याची पार्श्वभूमी माहीत आहे आम्हाला.”

पार्श्वभूमी. म्हणजे बाप कोण, राहतो कुठे, घरात कपाटं कसली. नाव झाकून वाचणारी ही माणसं. पाकीट उघडल्याबरोबर सगळ्यात आधी त्यांनी माझा पत्ता वाचला.

मग अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. मला उत्तेजनार्थ बक्षीस. मराठी माणसाचा हा लाडका शोध. ज्याला नाही म्हणायची हिंमत नाही आणि हो म्हणायची दानत नाही, तो उत्तेजनार्थ देतो. पुरस्कार यंदा कोणालाच नको, माझी कथा मात्र वार्षिक अंकात घेतील. “लोकांना आवडली आहे ना, छापायलाच हवी,” कार्यवाह बाई म्हणाल्या.

“माझी नसेल तर छापता कशी?” मी विचारलं. “आणि माझी असेल तर पहिली का नाही?”

खजिनदारांना मान कुठे हलवावी कळेना.

“भाव करायला बसलात ना? मग नीट करा. मीही रोज भाव पाडते. लाकडात खोट काढते, कीड दाखवते. पण समोरच्याला, तुझं दार चोरीचं आहे, असं म्हणून पाडत नाही. तसा भाव भामटे पाडतात. कथा परत द्या. छापायची नाही.”

“मग तांत्रिक कारणाने पुरस्कार रद्द झाला असं जाहीर करावं लागेल,” अध्यक्ष म्हणाले.

“करा जाहीर. मीही बघते कसं करता ते.”

जिन्यात फ्रान्सिस उभा होता. सगळं ऐकलं असणार. “अगं, घे ना जे भेटतंय ते. सर्टिफिकेटवर नाव तर येईल. कितवा नंबर होता, कोण बघतो नंतर?”

“तुला चौकट देते, दार देत नाही. चालेल?”

“तू पण ना! प्रत्येक गोष्टीत धंदा.”

“मत कोणाला दिलं होतंस?”

“तुला माहीत आहे.”

“मग वार्षिक संमेलनात उभा राहा आणि सांग.”

तो जिन्याचा कठडा चाचपत राहिला. लोखंडी होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

संमेलन परळच्या एका हॉलमध्ये झालं. दाराशी पुठ्ठ्याचं अवकाशयान. चंदेरी कपडे घालून आलेली तरुण पोरं, एकमेकांचे फोटो काढत. अध्यक्षांचं भाषण झालं, माणूस जिंकत नाही, कथा जिंकते, हेही झालं. मग कार्यवाह बाईंनी जाहीर केलं की तांत्रिक कारणामुळे यंदाचा पुरस्कार कोणालाही देण्यात येणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयीने. कशाला वाजवतोय हेही न कळता.

मी उभी राहिले.

“ते तांत्रिक कारण मी आहे.”

“ताई, व्यासपीठाचा मान ठेवा,” अध्यक्ष माईकवरून म्हणाले.

“व्यासपीठावर मी चढलेच नाही. खालून बोलतेय.” माझा आवाज गोदामात कमावलेला आहे, त्याला माईक लागत नाही. “तुम्ही सगळ्यांनी मतं दिलीत ती दाराची कथा माझी. पाकिटातून माझं नाव निघाल्यावर यांना वाटलं, एआयने लिहिली. जन्मभर विचार करणाऱ्या यंत्रांच्या गोष्टी लिहिल्या यांनी. त्यामुळे यंत्राला लिहिता येतं हे यांना लगेच पटलं. भोईवाड्यातल्या बाईला येतं हे पटेना.”

मग चंदेरी कपड्यांतल्या पोरांपैकी एक जण ओरडला, “अहो, मग लिहून दाखवा ना एक पान! विषय संपला!”

लोक हसले. काहींनी मान डोलावली. बरोबरच बोलतोय पोरगा, अशी.

“दाखवते,” मी म्हणाले. “सगळे मिळून दाखवू. खाली दुकान आहे, कागद मी आणते. अध्यक्षांपासून सुरू करू. मग गेल्या वर्षीचे विजेते. मग तू. ज्याचं पान होईल तोच लेखक. बसा लिहायला.”

कोणी बसलं नाही. गिरगावचे प्राध्यापक कार्यक्रमपत्रिका वाचत होते, जणू त्यात आज नवीन काही छापलंय. फ्रान्सिस तिसऱ्या रांगेत होता. तो उठला नाही. अध्यक्ष म्हणाले, “आपण पुढच्या कार्यक्रमाकडे वळू या.” आणि वळले. पुढचा कार्यक्रम परग्रहवासीयांशी संवाद कसा साधावा यावर परिसंवाद होता.

मी शेवटपर्यंत बसले. जेवले पण. वर्गणी भरलेली आहे.

नंतर मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. झालं गेलं विसरू या. मंडळ मोठं, व्यक्ती छोटी. फ्रान्सिसने मला वेगळा मेसेज केला, सॉरी गं. मी उत्तर दिलं नाही. तो अजून कठडे न्यायला येतो. त्याला आता सूट नाही.

यंदा त्यांनी नियम बदललाय. कथेसोबत दाखला जोडायचा, एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीच्या सहीचा, की हे लेखन याच लेखकाचं आहे. नियम सगळ्यांना आहे, असं म्हणतात. यांच्या सगळ्यांच्या घरात एखादा प्रतिष्ठित मामा असतो. तो कोणाला नाही, हे बघून नियम केलाय. कार्यवाह बाईंनी फोन करून सांगितलं, “ताई, तुम्हाला अडचण असेल तर अध्यक्ष स्वतः सही देतील. त्यांचं मन मोठं आहे.” म्हणजे माझं लिहिणं माझं आहे, हे आता त्यांनी मला द्यायचं. आणि मी ते सत्काराच्या शालीसारखं पांघरून घ्यायचं.

मी फोन ठेवला.

नवी कथा लिहून झाली आहे. पहिलीपेक्षा चांगली आहे, हे मला कोणी सांगायला नको. ती पाठवली. दाखला जोडला नाही. परत आली तर पुढच्या वर्षी दुसरी पाठवेन, तीही तशीच. राजीनामा देणार नाही. त्याची ते वाट बघतायत हे मला दिसतं. दर महिन्याच्या बैठकीला जाईन, पहिल्या रांगेत बसेन, कप पुढे देणार नाही. आणि वाचल्याशिवाय कथा बाजूला ठेवली, तर प्रत्येक बैठकीत उठून विचारेन, का ठेवली. त्यांना मी नकोशी होईन. होऊ दे. भाव करताना आजवर दमलाय तो समोरचा.