गुडघ्यांवरची शाई

माझी आत्या माणसाचे गुडघे पाहून सांगायची, तो राहतो की जातो. आमच्या तळ्याकाठच्या गावात कुणी अंथरुणाला खिळलं की तिला बोलावणं यायचं. ती नाडी धरत नसे. पांघरूण सारून पाय पाहायची आणि गुडघ्यांवर निळसर डाग दिसले की म्हणायची, "पाहुण्यांले निरोप धाडा." तिचं कधी चुकलं नव्हतं, असं ती स्वतःच सांगायची.

ते चुकवलं मी. एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली वर्षं होती आणि मी चांदा जिल्ह्यातल्या आमच्याच गावच्या शाळेत मास्तर झालो होतो. आमचं घर मासेमारीवर चालायचं. सुताची जाळी कुजू नयेत म्हणून बाबा ती दरवर्षी ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवत, मातीच्या रांजणात. त्या वर्षी रांजण तडकला. मी म्हटलं, गुळाची लोखंडी कढई घ्या. मी शिकलेला म्हणून बाबांनी ऐकलं. दिवसभर कढईत उभं राहून त्यांनी जाळं तुडवलं, मग त्यावर गुडघे टेकून पिळलं. संध्याकाळी पाय नेहमीसारखे तांबूस दिसत होते. त्यानंतर त्यांना हिवताप भरला.

सकाळी आत्या आली, घोंगडी उचलली आणि तिथेच खाली बसली. बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांचे पाय गार पडले होते आणि घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत काळेनिळे झाले होते.

"माहा भाऊ चालला," ती म्हणाली.

बाबांना सारवलेल्या जमिनीवर उतरवलं. तोंडात तुळशीचं पान ठेवलं. मी पायांशी बसून त्या रंगाकडे पाहत राहिलो. तो माझ्या ओळखीचा होता. शाळेतल्या पोरांसाठी शाई मीच करायचो, हिरडा उकळून त्यात गंजके खिळे टाकून. सुरुवातीला ती फिकी असते, हवा लागली की काळी पडते. बोटांवरचे तिचे डाग मी लिंबानं काढायचो. कढईच्या लोखंडानं सालीच्या काढ्याचीही तशीच शाई झाली असणार.

मी उठून लिंबू कापलं आणि बाबांचा गुडघा घासू लागलो.

"मास्तर," आत्या डोळे पुसत म्हणाली, "मरणाऱ्याचं लोणचं घालून राह्यला का बे?"

डाग फिके होऊ लागले. तेवढ्यात बाबांनी पान थुंकलं.

"बाई, हे काय चारून राह्यली मले? अन् मी खाली काऊन?"

कोयनेलच्या गोळ्यांनी ताप उतरला. पुढे आत्या घरी आली की बाबा धोतर गुडघ्यांवर ओढून विचारायचे, "पाहून घे बाई, आज जाऊ का उद्या?" आत्या तोंड फिरवायची. गावातून तिला बोलावणी येणंही कमी झालं.

चार वर्षांनी, दिवाळीनंतरच्या थंडीत बाबांनी अन्न सोडलं. त्या वर्षी त्यांनी जाळ्याला हातही लावला नव्हता. आत्यानं घोंगडी उचलली. गुडघ्यांवर जांभळट रेघांची बारीक जाळी उमटली होती. तिनं घोंगडी परत घातली. पाहुण्यांचं नाव काढलं नाही.

"मास्तर, लिंबू आण," ती म्हणाली.

मी घासू लागलो. अंगठा दाबला की तिथली कातडी पांढरी व्हायची, मग हळूहळू रंग परत भरायचा. शाई असं करत नाही. तरी मी घासत राहिलो, आणि एक फोड संपली की आत्या दुसरी कापून देत राहिली.

सकाळ संपायच्या आत बाबा गेले. माझी बहीण बैलगाडीनं येईपर्यंत दुपार टळली. अंघोळीसाठी कुशीवर वळवलं तेव्हा त्यांची पाठ जांभळी झाली होती. सगळं रक्त खाली उतरलं होतं; फक्त खांदे जमिनीला टेकले होते तिथे दोन पांढरे ठसे होते. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. आणि गुडघे स्वच्छ होते, मेणासारखे पिवळट, एक डाग नाही.

आत्यानं ते ओल्या फडक्यानं पुसले, आणि पुन्हा एकदा पाहिले.

"उशिरा लागू झालं तुहं लिंबू," ती मला म्हणाली, आणि बाबांचं धोतर नीट गुडघ्यांखाली ओढून घेतलं.