पाव टाकीवरचा काटा

“मले समजावू नका, मले दाखवा.”

आमच्या गल्लीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. नळ दुरुस्त करणाऱ्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना सिस्टरांनी ते ऐकवलं होतं. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. एकट्या राहायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी एक छोटी नवी गाडी घेतली आणि गल्लीतल्या प्रत्येक आजाऱ्याला त्या गाडीवर हक्क मिळाला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या दाराची बेल वाजवताना आपण वेळ बघत नाही.

त्या मे महिन्यात आत्याकडच्या लग्नाला आम्ही त्यांच्याच गाडीनं मौद्याला गेलो होतो. भर मांडवात बाबांना दम लागला. त्यांचा दमा जुना, पण असा कधी उसळला नव्हता. सिस्टरांनी त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि नागपूरची वाट धरली. वाटेत पंप लागला. काटा पाव टाकी दाखवत होता.

“पुरते,” त्या म्हणाल्या. “थांबाले वेळ नाही.”

पुढे हायवेवर, आजूबाजूला झाडसुद्धा नसलेल्या जागी, गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. टाकी कोरडी. काटा मात्र अजून पाववरच.

बाबांचे ओठ काळे पडत चालले होते. सिस्टर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. एक ट्रक करकचून थांबला. त्याच्या केबिनमध्ये बाबांना पुढे वाकवून धरत, पाठ चोळत, “श्वास सोडा दादा, सोडा हळूहळू,” म्हणत त्यांनी दवाखाना गाठला. बाबा वाचले.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणवून त्या मला घेऊन शोरूममध्ये गेल्या. सर्व्हिस मॅनेजर हसून म्हणाला, “मॅडम, लेडीजचं लक्ष नसतं काट्याकडे.”

मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. सिस्टर मात्र खुर्ची ओढून बसल्या.

मग त्यानं समजावलं. टाकीत एक फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, त्याच्या दांडीवरून काट्याला कळतं. टाकी वेडीवाकडी असते, म्हणून अर्धा काटा म्हणजे अर्धं पेट्रोल नव्हे. चढ-उतारावर पेट्रोल एका बाजूला जातं. कधी दांडी अडकते. “शेवटी अंदाजच असतो तो, मॅडम.”

“म्हणजे तुम्हाले हे माहीत होतं?”

“सगळ्याच गाड्यांचं असतं.”

“उतारावरचा फरक मी समजू शकते, भाऊ. पण टाकी रिकामी अन् काटा पाववर? मी रोग्याचं बीपी असं अंदाजानं लिहिलं असतं, तर तुम्ही मले सोडलं असतं का? मले समजावू नका. मले दाखवा.”

बाटलीभर पेट्रोल टाकून त्यांनी मॅनेजरला शेजारी बसवलं आणि गाडी कामठीच्या दिशेनं काढली. मी मागे. काटा पाववर. शहर मागे पडलं. मग तेच दोन आचके, आणि आम्ही रणरणत्या उन्हात उभे. मॅनेजर काट्याकडे बघत राहिला.

“पाव टाकी आहे ना? चालवा,” सिस्टर म्हणाल्या.

तो खाली उतरला. शर्ट घामानं चिकटलेला, फोन लागत नव्हता. सिस्टरांनी डिकीतून छत्री काढली आणि त्याच्या डोक्यावर धरली. “उन्हात नका उभे राहू. चक्कर येईन.”

त्या छत्रीखाली तो हळू आवाजात बोलला. “सिस्टर, या मॉडेलच्या आणखी गाड्या तक्रारीत आल्या आहेत. तुमच्यासारख्याच. वरून सांगितलंय, ग्राहकाचीच चूक म्हणायचं. तुमचा पार्ट मी आजच बदलतो.”

“माझा बदलून काय होते? बाकीच्यांचं?”

मग सिस्टर रोज शोरूमच्या दारात जाऊन उभ्या राहू लागल्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, “काहून गा, तुह्या गाडीचा काटा खरं बोलते का?” वॉचमननं हटकलं, मालकानं पोलिसांची भीती घातली. त्या हलल्या नाहीत. लोक थांबून ऐकू लागले, आपापलं सांगू लागले. शेवटी काचेवर कागद लागला: या मॉडेलच्या फ्लोटची तपासणी मोफत. चूक झाली, हे शब्द त्यावर नव्हते. त्याचा राग सिस्टरांना शेवटपर्यंत होता. मला अजून आहे.

यंदाच्या हिवाळ्यात त्या गेल्या. बुद्धविहारात शोकसभा झाली. वंदना झाल्यावर एक गृहस्थ माईकवर आले. त्यांच्या आईला सिस्टरांनी कितीदा दवाखान्यात नेलं होतं. ते म्हणाले, “बाई सेवाभावी होत्या, पण स्वभाव जरा भांडखोर होता.” काही जण हसले.

माझ्या शेजारी बसलेले बाबा उठून उभे राहिले. त्यांना उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं, पण दम लागला, शब्द फुटेना. मी त्यांचा हात धरून खाली बसवू लागलो. त्यांनी हात झटकला. हसू थांबलं. माईकवरच्या गृहस्थांनी चाचरत एक-दोन वाक्यं उरकली आणि ते जागेवर जाऊन बसले.

बाबा उभेच होते.